जगनला दिलेली बंदूक

२ डिसेंबर

बंदूक आणली. दोन दिवस नांदेडला रागिणीच्या खोलीवर होतो. ती ड्यूटीला गेली की मला करमत नाही, म्हणून बाजारात हिंडलो आणि दुकान सापडलं. दुकानदार म्हणाला, हिला लायसन लागत नाही, आधार कार्डाची झेरॉक्स दिली की झालं. बारूद नाही, काडतूस नाही. आत जाडजूड स्प्रिंग आहे. नळी मधून मोडायची, स्प्रिंग दबते, मागून छर्रा बसवायचा, नळी सरळ करायची. घोडा दाबला की स्प्रिंग सुटते आणि नुसत्या हवेनं छर्रा जातो. छर्रा डमरूसारखा, मधे बारीक, मसुरीच्या दाण्यापेक्षा थोडा मोठा.

येताना बंदूक पोत्यात गुंडाळली होती. कंडक्टर ओळखीचा निघाला. "मामा, पोत्यात काय?" म्हणाला. मी म्हणालो, "नळाचा पाईप." खोटं का बोललो कळत नाही. चोरीची थोडीच होती.

कौशल्येनं पोतं सोडून पाहिलं. "हे काहून आणलं?"

"वानरांसाठी. हरभरा यंदा तरी घरात यायला पाहिजे."

"वानरांवर चालवणार?"

"वानरांवर नाही गं. वानरांसाठी. आवाज करायला."

"आवाज करायला फटाके मिळत न्हाईत का सेनगावात?" म्हणाली आणि पीठ मळायला गेली. बंदूक घरात नको म्हणाली. उद्या आखाड्यावर, शेतातल्या खोपीत, नेऊन ठेवतो.

ही डायरीसुद्धा रागिणीनंच दिली. "पप्पा, रिकामे बसता, काहीतरी लिहीत जा," म्हणाली. लिहीत आहे.

५ डिसेंबर

तीन दिवस आखाड्यावरच आहे. तेलाचा रिकामा डबा धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, ठेवला आणि मारत बसलो. पहिल्या दिवशी एकही लागला नाही. मी दस्ता खांद्यात रोवून, नळी मुठीत आवळून धरत होतो. स्प्रिंगची बंदूक घट्ट धरली की उसळते, आधी मागं, मग पुढं, आणि छर्रा बाहेर पडेपर्यंत नेम गेलेला असतो. काल उगाच हात सैल सोडले. नळी नुसती तळहातावर ठेवली, स्टेअरिंग धरतो तशी. नोकरीत ड्रायव्हर असताना नव्या पोरांना मी हेच सांगायचो, स्टेअरिंगला लोंबकळू नका, गाडीला चालू द्या. टण्णकन डबा वाजला. मग वाजतच राहिला.

नळी मोडताना जुन्या गाडीचा गिअर टाकल्यासारखं खांद्यापर्यंत जाणवतं. तेलाचा थोडा धूर निघतो, त्याचा वासही ओळखीचा. रिटायर झाल्यापासून पहाटे पहाटे माझे हात अंथरुणावर आपोआप हलतात, कौशल्या सांगते. आज हातांना शांत वाटलं.

आवाज ऐकून जगन आला. जगन तांड्यावरचा, आमच्या सगळ्या शिवाराचा राखणदार. गोफण आणि पाईपची तोफ घेऊन दिवसभर वानरांमागं पळतो. ज्याच्या त्याच्या शेतातून त्याला धान्य मिळतं. त्यावर त्याचं घर चालतं, नाही तर तांड्यावरची निम्मी घरं या दिवसांत वीटभट्टीवर गेलेली असतात.

"मामा, ही तं जत्रेतली फुगे फोडायची बंदूक."

"तिची मोठी बहीण."

त्याला एक छर्रा मारू दिला. डब्याच्या वरून गेला. लेकरासारखा हसला. मग म्हणाला, "मामा, एक सांगू? वानराला नुसतं दाखवा. मारू नका. मार खाल्लेलं वानर रान सोडत न्हाई, उलट तिथंच बसतं."

मी म्हणालो, मला कुठं मारायचंय.

९ डिसेंबर

डबा वाजला की कळप पळतो. काय मजा येते! पन्नास पावलांवरून डबा वाजवतो आणि इकडं कडुलिंबावरून धपाधप उड्या. शेजारचे पाहायला येतात. प्रभू, माझा धाकटा भाऊ, शेळ्या घेऊन मुद्दाम आमच्याच धुऱ्यानं जातो. "दादा, मिलिट्रीत जायला पाहिजे होतं तू," म्हणाला.

जगनला सांगितलं की यंदा माझं रान मी राखतो, माझ्याकडचं धान्य धरू नको. तो म्हणाला, "बराबर हाय मामा, तुमच्याकडं आता तोफखाना हाय." वाईट वाटलेलं दिसलं नाही.

१७ डिसेंबर

लिहिण्यासारखं काही नव्हतं. हरभऱ्याला घाटे धरले.

वानरांना कळलंय. डबा वाजतो, पण डब्याशिवाय कुणाला काही होत नाही, हे त्यांनी ओळखलं. काल मी डबा वाजवत होतो आणि सगळा कळप हरभऱ्यात बसून सोलून सोलून खात होता. त्यांचा म्होरक्या, मोठा हुप्प्या, धुऱ्यावर बसून माझ्याकडं बघत होता. माझ्याच वयाचा असेल त्यांच्या हिशेबानं. गालाचे केस पिकलेले, एक कान फाटलेला. डबा वाजला की एकदा डब्याकडं बघायचा, एकदा माझ्याकडं. पळायचा नाही.

पलीकडच्या रानात जगन तोफ उडवत होता. तिकडं एकही वानर नव्हतं. सगळी माझ्याकडं.

प्रभूनं आज शेळ्यांच्या मागून जाताना विचारलं, "दादा, वानरं काय तुझ्याकडं पगार घ्यायला येतात का हप्त्याला?" बरोबरची माणसं हसली. मीही हसलो.

२१ डिसेंबर

आखाड्यावर गेलो होतो. हुप्प्या लिंबावर खालच्या फांदीवर होता. फांदीवर नेम धरला. छर्रा जरा सरकला असावा. तो गेला उड्या मारत ओढ्याकडं. लागलं नसेल. लागलं असतं तर पडला असता.

जेवलो नाही. पित्त झालं आहे.

२२ डिसेंबर

आज एक चांगलं काम केलं. बंदूक जगनला दिली.

सकाळीच तांड्यावर गेलो. त्याच्या बायकोनं, रूपाबाईनं, बाज टाकली, चहा केला. त्यांची पोरगी पुजा शाळेत निघाली होती, सातवीत आहे, वेणीला रिबीन बांधता बांधता बंदुकीकडं टकमक बघत होती. मी म्हणालो, "जगन, ही तूच ठेव. मला आता खांद्याचा त्रास होतो. तुझं पूर्ण शिवार आहे, तुला उपयोग होईल. माझं रानही तूच राख. धान्य नेहमीसारखं."

त्याला खरंच वाटेना. बंदूक दोन्ही हातांत आडवी धरून उभा राहिला. "मामा, पण ही तुमची हाय."

"आता तुझी."

"छर्रे?"

छर्र्यांची डबीही दिली. कसं सैल धरायचं ते दाखवलं. त्यानं तिथंच लिंबाकडं दोन-तीन मारून पाहिले. पुजा टाळ्या वाजवायला लागली. घरी येताना हलकं वाटलं. फार दिवसांनी कुणाला काही दिलं.

कौशल्येला सांगितलं. ती तुरीच्या शेंगा सोलत होती.

"आजच दिली?"

"मग कधी द्यायची?"

"तसं न्हाई. महिना न्हाई झाला आणून. तुमी रोज पुसून ठेवत होते." मग शेंगा बाजूला सारून म्हणाली, "रातीपासून पोटात काही न्हाई तुमच्या. भाकरी खाऊन घ्या."

खाल्ली.

२६ डिसेंबर

हुप्प्या गावात आला आहे. मारुतीच्या देवळामागं चिंचेखाली बसतो. कळपाबरोबर जात नाही. एक हात पोटावर धरून बसतो, माणूस बसतं तसा. लोक केळी ठेवतात, खात नाही. पाणी पितो.

कौशल्या सकाळ-संध्याकाळ जाते. आज तिनं हळद तेलात कालवून नेली. मी म्हणालो, चावेल. ती म्हणाली, "चावू दे." तो चावला नाही. पोटाला हळद लावू दिली. बाकी कुणी पाच पावलांवर आलं की दात दाखवतो. मी दुरूनच पाहिलं. मला पाहून त्यानं दात दाखवले नाहीत, तोंड फिरवलं. असं आपल्याला उगाच वाटतं, वानराला काय कळतं.

झाडावरून पडला असेल. दुसऱ्या कळपाशी भांडण झालं असेल. फाटलेला कान भांडणाचाच तर आहे.

२८ डिसेंबर

प्रभूनं जनावरांचे डॉक्टर आणले. चौघांनी हुप्प्याला गोधडीत धरलं, पण धरण्याइतका जोर त्याच्यात नव्हताच. डॉक्टरांनी पोट चाचपलं, केस बाजूला केले. म्हणाले, "छर्रा आहे आत. जखम आठवड्याभराची असेल. सगळं पोट सडलंय. आता काही होणार नाही." इंजेक्शन दिलं, तेवढंच.

अर्धं गाव जमलेलं. कुणीतरी म्हणालं, "छर्रा म्हणजे बंदूक." मग सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. प्रभू पटकन म्हणाला, "बंदूक दादाकडं कुठं हाय? जगनकडं हाय ती."

सरपंचांनी विचारलं, "मामा, कधी दिली हो जगनला?"

मी म्हणालो, "झाले की आठ-दहा दिवस."

नेमकी तारीख कोण ध्यानात ठेवतं. घाईत तोंडातून निघालं. सरपंच मान हलवत राहिले. जगन तिथं नव्हता, रानात होता.

कौशल्या हुप्प्याच्या डोक्याशी बसली होती. तिनं वर पाहिलं नाही.

२९ डिसेंबर

गेला. दुपारी गेला.

गावानं माणसासारखी मौत केली. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला झेंडूच्या माळा, बसता केलेला हुप्प्या, कपाळाला गुलाल. पुढं टाळ-मृदंग. बायका दारादारातून पाणी घालत होत्या. देवळाच्या मागं खड्डा केला. ट्रॉलीतून उतरवताना सरपंच म्हणाले, "मामा, तुमी मोठे, तुमी खांदा द्या." दिला. वजन फारसं नव्हतं. तेलकट हळदीचा वास आला.

कौशल्या आली नाही. डोकं दुखतंय म्हणाली.

३१ डिसेंबर

सकाळी जगन घरी आला. चपला बाहेर काढून ओट्यावर बसला, आत ये म्हटलं तरी आला नाही.

"मामा, माझ्याकडून झालं."

"काय झालं?"

"तुमी मला इश्वासानं बंदूक दिली अन् मी देवाला मारलं. मी लिंबाकडं मारलेले की पहिल्याच दिवशी. तुमच्यासमोर. पाल्यात तो बसलेला असंल."

मी म्हणालो, "अरे, तिथं वानर कुठं होतं? पोरगी टाळ्या वाजवत होती. वानर असतं तर पळालं नसतं का?"

"मंग दुसऱ्या दिवशी. मी ओढ्यावर बी मारलेले. मला दिसलं न्हाई, पण लागलं असंल." त्याचे डोळे सुजलेले होते. "मामा, मी किती वर्षं राखण केली. गोफणीचा दगड कधी वानराच्या अंगावर टाकला न्हाई. आन् ही बंदूक हातात आली तं मला हुरूप आला. लेकरासारखं मारत सुटलो."

"तू बंदूक घेऊन किती दिवस झाले होते तेव्हा?" हे मी का विचारलं माहीत नाही. त्यानंच काहीतरी सांगावं असं वाटलं असेल.

"मला काय तारीख कळती, मामा. तुमी आठ-दहा म्हणले म्हणे. बराबर असंल."

कौशल्या दारात उभी होती. तिनं त्याला चहा दिला. तो प्यायला नाही. ती मला म्हणाली, "बोला की काही." मी म्हणालो, "होतं असं. चुकून होतं." जगननं माझे पाय धरले.

३ जानेवारी

वनरक्षक आले, गाडी घेऊन. वानर मारणं गुन्हा आहे, कळवलं कुणीतरी. माणूस सभ्य होता, आवाज चढवला नाही. जगननं विचारायच्या आधीच सांगितलं, "माझ्याकडून झालं साहेब." बंदूक रूपाबाईनं आतून आणून दिली, नव्या लुगड्यात गुंडाळून ठेवली होती. वनरक्षक म्हणाले, लायसन लागत नाही म्हणून काय झालं, हत्यार ते हत्यार.

माझा जबाब घेतला. बंदूक माझी, राखणीसाठी जगनला दिली, एवढंच सांगितलं. तेवढंच विचारलं होतं.

जगनला हिंगोलीला नेलं. दोन दिवसांत सोडतील, केस चालत राहील, असं सरपंच म्हणाले. गाडी निघताना पुजा रडत होती. रूपाबाई रडत नव्हती. ती माझ्याकडं बघत होती, मी काहीतरी करीन अशा आशेनं. ड्रायव्हर मामांना मोठी माणसं ओळखतात, असं तांड्यावर सगळ्यांना वाटतं.

७ जानेवारी

दहावा. गावातल्या पुष्कळ पुरुषांनी मुंडण केलं. जगन परवाच सुटून आला होता, तो सगळ्यांत आधी न्हाव्यापुढं बसला. मीही बसलो. वस्तरा फिरत असताना डोळे मिटले तर बरं वाटलं, काही वेळ.

पंगत झाली, गव्हाची खीर आणि पुऱ्या. जगनला पंगतीत बस असं कुणी म्हटलं नाही, बसू नको असंही कुणी म्हटलं नाही. तो चिंचेखाली उभा राहिला आणि मग घरी गेला. मी खीर खाल्ली. वाढणाऱ्यानं पुन्हा विचारलं, मी पुन्हा घेतली.

१२ जानेवारी

हरभरा गेला. माझाच नाही, सगळ्यांचा. जगनला आता राखणीला कुणी ठेवत नाही. देवाला मारलेला माणूस रानात नको म्हणतात. दुसरा कुणी मिळाला नाही.

कळपात नवा हुप्प्या आला आहे, दांडगा, काळाभोर. मागच्या म्होरक्याची पिल्लं त्यानं मारली. तीन दिवस माद्या ओरडत होत्या, गावात झोप नाही. आज विहिरीकडं कौशल्येला एक पिल्लू सापडलं. वानरीण लिंबावर बसून खाली बघत होती, जवळ येत नव्हती. कौशल्येनं पिल्लू पदरात घेतलं आणि धुऱ्याला पुरलं. मी फावडं घेऊन गेलो तर म्हणाली, "राहू द्या. मी करते."

घरी आल्यावर मी म्हणालो, "निसर्गाचंच असतं ते. नवा नर आला की मारतो."

ती म्हणाली, "नवा काहून आला?"

१५ जानेवारी

२१ डिसेंबरला मी इथं खोटं लिहिलं. फांदीवर नेम नव्हता.

मी लिंबाखाली उभा होतो. हुप्प्या खालच्या फांदीवर, दहा-बारा हात वर, हरभऱ्याचा डहाळा खात होता. मी नळी वर केली तरी खात राहिला. मी ओरडलो. त्यानं माझ्याकडं पाहिलं, डहाळा टाकला आणि दुसरा उचलला. मला प्रभू आठवला, त्याचं हसणं आठवलं. बंदूक आवळली नाही. बिलकुल आवळली नाही. इतकी सैल, इतकी शांत मी कधीच धरली नव्हती. नळीच्या टोकाची नेमाची माशी त्याच्या पोटावर होती. घोडा दाबला.

त्यानं आवाज केला नाही. हात पोटाशी नेला, हाताकडं पाहिलं, मग माझ्याकडं. मग गेला.

आणि दुसऱ्या दिवशी मी बंदूक जगनला दिली. खांद्याला काही झालेलं नव्हतं.

आज हे कौशल्येला सांगितलं. ती पोळ्या लाटत होती, लाटणं थांबलं नाही.

"मला ठाऊक हाय," म्हणाली.

"कधीपासून?"

"तुमी जेवले न्हाई त्या दिवसापासून. डॉक्टर म्हणले तवा पक्कं झालं."

"मग बोलली का नाहीस?"

"मी बोलायचं होतं का तुमी?" मग पोळी तव्यावर टाकली. "त्या माणसाला खरंच वाटू लागलं हाय की त्यानंच मारलं. त्याच्या रूपाबाईला रोज सांगतो, मला आठवतंय म्हणतो. लवकर सांगा. अजून लवकर असलं तं."

१८ जानेवारी

शनिवार. आरतीनंतर माणसं पारावर बसली होती. मी उभा राहिलो. बोलायला जड गेलं, पण बोललो.

"वानर मी मारलं. जगननं नाही. मी मारलं आणि दुसऱ्या दिवशी बंदूक त्याला दिली."

 मग सरपंच उठून आले, माझ्या खांद्यावर हात ठेवला. "बसा मामा. बसा बरं."

"मी खरं सांगतो आहे."

"आमाला कळत न्हाई का मामा? गरीब माणूस अडकला म्हणून तुमचा जीव तुटून राहिला. सारी सर्व्हिस तुमच्या गाडीखाली कुत्रं आलं न्हाई. तुमी देवावर बंदूक चालवणार?"

मागून कुणीतरी म्हणालं, "बंदूक देऊन आठ-दहा दिवस झालते, तुमीच म्हणले होते."

"ते मी खोटं बोललो."

"मंग आता खरं बोलता कशावरून?"

माणसं हसली. चिडवण्याचं हसणं नव्हतं ते, मायेचं होतं. एक म्हातारा माझ्या पाया पडला. डायरी आणून दाखवावी असं मनात आलं, पण २१ तारखेला तिच्यातही मी फांदीच लिहिली आहे.

प्रभूनं दंडाला धरून घरापर्यंत आणलं. रस्त्यात हळूच म्हणाला, "दादा, झालं ते झालं. जगननं कबूल केलं हाय. रागिणीचं लग्न व्हायचंय अजून. आता पुन्हा तोंड उघडू नको." मी त्याच्याकडं पाहिलं. तो समोर बघत चालत होता.

२० जानेवारी

हिंगोलीला जाऊन वनरक्षकांना भेटलो. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. म्हणाले, "त्यानं स्वतः कबूल केलंय. त्याला कोणी मारहाण केली नाही, धमकावलं नाही. तुमचा जबाब वेगळा होता. आता गावातून फोन आलाय की मामा फार हळवे आहेत, त्यांचं मनावर घेऊ नका. तुम्हाला सांगायचंच असेल तर कोर्टात सांगा. पण तो जोवर मीच मारलं म्हणतो तोवर तुम्ही दोघंही अडकाल, तो सुटणार नाही."

परत येताना तांड्यावर उतरलो. जगनला सगळं सांगितलं. लिंब, डहाळा, माशी, पोट. काही ठेवलं नाही.

तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "मामा, माझ्यासाठी खोटं बोलू नका. अजून पाप लागतं."

"अरे जगन, देवाशपथ..."

"शपथ घेऊ नका." त्यानं माझे दोन्ही हात धरले. "मला आठवतंय ना. ओढ्यावर, मी छर्रा मारला तवा तो वळून माझ्याकडं बघितला. डहाळा व्हता त्याच्या हातात. रोज दिसतो मला."

डहाळा मी आत्ताच सांगितला होता.

रूपाबाई चुलीपाशी होती. तिला म्हणालो, तू तरी ऐक. ती म्हणाली, "कोणी बी मारलं असू द्या आता, मामा. आमाला काम कोण देतंय?"

२४ जानेवारी

जगन गेला. निजामाबादकडं कुठं वीटभट्टी आहे, मुकादम ट्रक घेऊन आला होता. किती वर्षांनी जातोय. भांडी, बाज, दोन शेळ्या, पुजा. तिची शाळा सुटली. मी म्हणालो, पोरीला आमच्याकडं ठेवा, कौशल्या बघेल. रूपाबाईनं एकदा जगनकडं पाहिलं. तो म्हणाला, "नको मामा. माझ्या घरचं पाप तुमच्या घरात नको."

ट्रकवर चढायच्या आधी पाया पडला. मी मागं सरकलो तरी पडलाच.

२७ जानेवारी

काल शाळेत झेंडावंदनाला बोलावलं होतं. शाल दिली. सरपंचांनी लेकरांना सांगितलं की दुसऱ्यासाठी स्वतःवर गुन्हा घेणारी माणसं अजून आपल्या गावात आहेत. मी माईक मागितला. मला दिला नाही. मामा रडतील म्हणाले, आणि मी खरंच रडत होतो. लेकरांनी टाळ्या वाजवल्या.

कौशल्या आज नांदेडला गेली, रागिणीकडं. काही दिवस म्हणाली. पेटीत उन्हाळ्याचीही लुगडी होती. स्टँडवर मी विचारलं, "माझ्यावर राग आहे का?"

"राग असता तं बरं झालं असतं," म्हणाली. मग गाडी आली.

८ फेब्रुवारी

लिहायला काही नाही. आखाड्यावर जात नाही. रागिणीचा फोन येतो. "आई इथं बरी आहे पप्पा, तुम्ही जेवता ना?" तिच्या आवाजावरून कळत नाही, आईनं तिला किती सांगितलं. मी विचारत नाही.

१५ फेब्रुवारी

आज जगनचा फोन आला, मुकादमाच्या मोबाईलवरून. आवाज चांगला वाटला.

"मामा, इथं झाडच न्हाई, तं वानर कुठून येणार? झोप लागती आता."

पुजाचं विचारलं. "विटा थापती. लई चलाख हात हाय तिचा, मुकादम बी म्हणतो." हरभरा निघाला का, त्यानं विचारलं. मी म्हणालो, निघाला.

मग म्हणाला, "मामा, एक काम कराल? मारुतीला माझ्या नावानं एक नारळ फोडा. तिथून निघताना राहून गेलं."

मी म्हणालो, "जगन, तुझ्या नावानं कशाला..." पण तो म्हणाला, "तुमीच फोडा मामा. तुमच्यासारख्या माणसाच्या हातानं फोडला तं पोचल." आणि पैसे संपले की काय, फोन बंद झाला.

आज शनिवारच होता. नारळ घेऊन गेलो. पुजाऱ्यानं विचारलं, "कुणाच्या नावानं, मामा?"

पारावर माणसं बसलेली होती. मी जगनचं नाव सांगितलं.

खोबरं गोड निघालं. सगळ्यांना वाटलं.